मारिवेलाची चौकट

सरकारी नोकरीत मी जन्मभर खुर्च्या मांडल्या, असं माझी बायको मंदा चारचौघांत सांगते. खोटं नाही. मी शिष्टाचार अधिकारी. कोणत्या देशाचा मंत्री कोणाच्या उजव्या हाताला बसणार, कोणाचा झेंडा आधी, कोणाच्या पुढ्यातलं पाणी कोमट, हे ठरवण्यात माझे केस पिकले. लोकांना हे काम हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं. पण खुर्ची दोन बोटं मागे सरकली म्हणून बिनसलेले करार मी पाहिले आहेत.

आमच्या धंद्यात एक नियम मात्र सगळ्यांच्या वर. परिषद चालू असताना खुर्ची रिकामी दिसता कामा नये. मंत्री उठून बाहेर गेला, तर मागे बसलेला त्याचा अधिकारी मुकाट पुढे येऊन बसतो. रिकामी खुर्ची म्हणजे निषेध, अपमान किंवा मरण. यातलं काहीही असलं तरी फोटो वाईट येतो.

त्या वर्षी चौतीस देशांची अर्थपरिषद नागपूरला भरायची ठरली. वर्धा रोडवर काचेचं नवं भवन उभं राहिलं, आणि निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं काम म्हणून मी गोल टेबलाचे नकाशे काढायला बसलो. तेवढ्यात ती साथ आली. मागच्या साथीची थोरली बहीणच म्हणा. विमानं बंद, सीमा बंद, आणि परिषद पडद्यावर घ्यायचं ठरलं. पुढे ढकलायची सोय नव्हती. तापावर लागू पडणारं औषध सापडलं होतं आणि त्याचा कच्चा माल जगात फक्त सहा देशांत बनत होता. तो कोणाला किती मिळणार, हे याच परिषदेत ठरायचं होतं.

आम्हां साठेक माणसांना भवनातच कोंडलं गेलं. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. मंदा तांडापेठेतल्या घरी एकटी, आणि आमची एकुलती एक मुलगी चैताली माझ्याबरोबर आत. कारण परिषदेचा पडदा ज्याच्या भरवशावर उभा होता ते यंत्र तिचं होतं. तिने त्याचं नाव ठेवलं होतं सांधा.

माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे. धागा तुटला की माग थांबवून दोन टोकं बोटांत धरायची, पीळ द्यायचा, आणि माग पुन्हा सुरू. कुठे तुटलं होतं ते बघणाऱ्याला कळायचंही नाही. चैतालीने लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून हे पुष्कळ वेळा पाहिलेलं. तिचं यंत्र तेच करायचं, फक्त धाग्याच्या जागी माणसाचा चेहरा होता.

दूरदेशाहून येणारं चित्र जड असतं, म्हणून अडखळतं. सांधा पूर्ण चित्र मागतच नसे. तिकडचा कॅमेरा भुवया, ओठांचे कोपरे, हनुवटी, खांदे, हात असे मोजके बिंदू तेवढे पाठवी, आणि त्यांच्याबरोबर आवाज. तेही बिंदू हलले तरच पाठवायचे, एवढी काटकसर. आधी घेतलेल्या नमुन्यांवरून आमच्याकडचा संगणक त्या बिंदूंवर जिवंत चेहरा चढवी. बिंदू यायचे थांबले की पुढचे कुठे असतील याचा अंदाज तो स्वतःच करी. पापणी मिटायला लागली असेल तर ती मिटणारच, त्यात चुकायला फारशी जागा नाही. पण तुटणं लांबलं की अंदाजावर अंदाज, आणि त्यावर आणखी अंदाज.

"बोलणारा माणूस सांधणं अवघड असतं, बाबा," चैतालीने मला समजावलं होतं. "पुढचं वाक्य काय येईल ते कोणाला माहीत? म्हणून मी कुलूप घातलंय, सांध्याने नवीन वाक्य बोलायचं नाही. पण ऐकणारा माणूस सोपा. त्याच्या चेहऱ्यावर नवीन काही घडतच नाही. तो तासन्‌तास सांधता येतो."

परिषदेत मोठे देश बोलतात आणि लहान देश ऐकतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी तेव्हा दोन आणि दोन चार करायचं मला सुचलं नाही.

०

रंगीत तालमीच्या दिवशी सगळे मंत्री पडद्यावर हजर होते. सुरुवातीला साथीत गेलेल्यांसाठी मौन होतं. चौतीस चौकटींत चौतीस माणसं खाली मान घालून स्तब्ध उभी राहिली. कोणी हलेना, म्हणून कोणाचे बिंदू येईनात. सांध्याने समजूत करून घेतली की सगळ्यांच्या लाइनी एकदम तुटल्या, आणि तो कामाला लागला.

एकेक चेहरा जागा झाला. कोणी मान डोलावली. कोणी समोरच्याचा मुद्दा पटल्यासारखे ओठ मुडपले. एका बड्या देशाचा अर्थमंत्री, ज्याचा सख्खा भाऊ आठवड्यापूर्वी तापाने गेला होता, तो गोड हसला. सभागृहात आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चैतालीने श्रद्धांजलीच्या मौनापुरता सांधा बंद राहील अशी दुरुस्ती लगेच केली. पण ती घाबरली होती. परिषदेचे सचिव टेंभेकर साहेब यांना ती म्हणाली, "सर, सांधलेल्या चौकटीवर सगळ्यांना दिसेल अशी खूण पाहिजे. आणि जास्त वेळ झाला तर चौकट काळी व्हायला पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो हेडाऊजी, काळी चौकट म्हणजे तुमच्या भाषेत काय?"

"रिकामी खुर्ची, साहेब," मी म्हणालो.

"झालं तर मग."

खूण राहिली, पण फक्त आमच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर. सांधलेल्या चौकटीच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. चैतालीने वाद घातला नाही. करारावर तिची सही होती आणि कंपनीतल्या वीस जणांचं पोट त्यावर होतं.

दोन दिवसांनी मंदाचा फोन आला, तो खुशीतच. "अहो, पोट्टी सुधरली बरं का! काल मी इतकं बोलली, इतकं बोलली, तिनं एकदाबी मधात तोडलं नाही. गुमान ऐकत होती."

मी चैतालीला छेडलं. "काय ग, आईवर काय जादू केलीस?"

ती ओशाळली. "आईची लाइन सारखी तुटते बाबा, म्हणून तिच्या फोनवर सांधा लावून दिला. मला मधेच कामाला उठावं लागलं. पण तिला बरं वाटलं ना?"

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी हसलो. ते हसणं आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

०

परिषद सुरू झाली आणि सगळी गाडी औषधवाटपाच्या मसुद्यातल्या कलम नऊवर येऊन अडली. कलम सांगत होतं की कच्चा माल बनवणारे देश आपली गरज भागेपर्यंत निर्यात थांबवू शकतील.

विरोधाला उभं राहिलं मारिवेला. नकाशावर भिंग लावून शोधावं लागेल असं बेट. तिथल्या अर्थमंत्री इलारी ताउने साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात शिंपल्यांची माळ घालणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आपली गरज भागेपर्यंत, असं लिहिलंय. पोट भरलं की नाही हे जेवणाराच ठरवणार, आणि आम्ही दाराशी ताट घेऊन उभे राहणार, असंच ना?" अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बोलल्या, तेव्हा त्यांना खोकला येत होता. त्यांच्या बेटावर औषध बनत नव्हतं आणि ताप पोहोचला होता.

तिसरा दिवस शेवटचा. त्या दुपारी परिषदेचं अंतिम निवेदन मौनाने मंजूर व्हायचं होतं. मौनं संमतिलक्षणम् असं आपण म्हणतो, पण जगाच्या राजकारणात तो नुसता संस्कृत तुकडा नाही, कामकाजाचा नियम आहे. अध्यक्ष मसुदा वाचतात, थोडा वेळ थांबतात. कोणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांना मान्य. मात्र एकाने जरी हरकत घेतली, तरी मसुदा अडतो. लहान देशाच्या हातात असलेलं एवढं एकच हत्यार.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या निमजेवहिनींचा फोन आला. मंदाला दवाखान्यात नेलं होतं. प्राणवायू लावला होता.

"भाऊजी, तिले चार दिवसांपासून कणकण होती म्हणते," वहिनी रडत होत्या. "चैतूले सांगितलं होतं म्हणते. तुम्ही काहून नाही पाहिलं?"

मी नियंत्रण कक्षात गेलो आणि पोरीवर ओरडलो. इतक्या वर्षांत कधी ओरडलो नव्हतो. "आईनं तुला सांगितलं होतं ताप आहे म्हणून! आणि तू मला बोलली नाहीस?"

चैताली पांढरीफटक पडली. तिने तो कॉल काढला आणि माझ्यासमोर लावला. मंदा स्वयंपाकघरात बसून बोलत होती, "मले कालपासून कणकण आहे बेटा. बाबांना सांगू नको, ते काम सोडून येतील. नाही सांगणार ना?" आणि पडद्यावरची चैताली हसली, आणि तिने मान डोलावली.

कोपऱ्यात पिवळा ठिपका होता.

"ही मी नाही, बाबा," ती म्हणाली. "मी तिथे नव्हतेच."

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. सुट्टी संपून सत्र पुन्हा सुरू झालं होतं, आणि तेव्हा समोरच्या मोठ्या पडद्यावर माझी नजर गेली. खालच्या, लहान देशांच्या ओळींत कितीतरी पिवळे ठिपके होते. त्यांतला एक मारिवेलाच्या चौकटीत. ताउनेबाई शांतपणे ऐकत होत्या, मधूनच मान डोलावत होत्या. खोकला अजिबात नव्हता.

"ही लाइन कधीपासून तुटली आहे?"

चैतालीने पाहिलं. "सकाळच्या सत्रापासून." तिने नोंद पुन्हा तपासली. "मी आईच्या... मी पाहिलंच नाही."

०

मी टेंभेकर साहेबांना कक्षात बोलावलं. त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे तासाभरापूर्वी मारिवेलाहून निरोप आला होता की मंत्रीणबाई बेशुद्ध आहेत, सत्र पुढे ढकला.

"साहेब, हे अध्यक्षांना सांगायला हवं," मी म्हणालो.

"नियम तुम्हीच लिहिलेत, हेडाऊजी. हरकत घ्यायची तर चौकटीतून, तोंडी. निरोपाने नाही." मग त्यांचा आवाज उतरला. ते वाईट माणूस नव्हते. तीन रात्री झोपले नव्हते. "हे बघा, बाकीचे देश कसेबसे तयार झालेत. आज फिसकटलं तर ते सहा देश आपापली दारं लावून घेतील. मग कलम नऊ काय, कोणालाच काही मिळणार नाही. एका बेटापायी जगाला टांगणीला लावू?"

ते सभागृहाकडे गेले. काचेपलीकडे अध्यक्षांनी मसुदा वाचायला घेतला.

चैताली मारिवेलाच्या चौकटीकडे बघत होती. तिने चौकटीच्या खालची एक पट्टी उघडली. "हे बघा, बाबा. सांध्याने वाक्य रचलंय. कुलूप आहे म्हणून बोलत नाही इतकंच."

मी चष्मा पुसून वाचलं. मारिवेलाची कलम नऊला हरकत आहे. शेजारी यंत्राने आपली खात्री दिली होती, शंभरात सत्त्याण्णव.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. "मग बोलू दे ना तिला! कुलूप काढ. ती शुद्धीवर असती तर हेच म्हणाली असती. मसुदा अडेल, बेट वाचेल, तुझं यंत्र वाचेल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"ती नाही बोलणार, बाबा. सांधा बोलेल."

"पण खरं तेच बोलेल!"

"आईला मी मान डोलावली, तेव्हाही सांध्याला खात्रीच होती." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. "मी तिथे असते तर नसती डोलावली. धावत तुमच्याकडे आले असते. आज तो भल्यासाठी बोलला, तर उद्या कशासाठी बोलेल? आणि उद्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असेल कशावरून?"

काचेपलीकडे अध्यक्ष म्हणाले, "मसुदा आपल्यापुढे आहे. हरकत नसल्यास मंजूर समजला जाईल." आणि ते थांबले.

चैतालीने मारिवेलाची एकच चौकट नाही, अख्खा सांधा बंद केला.

पडद्याच्या वरच्या ओळी तशाच राहिल्या. खालच्या दोन ओळी जवळजवळ सगळ्या काळ्या झाल्या. एका चौकटीत थोड्या वेळाने कोणीतरी तुटक तुटक उमटलं. एकीत नुसता पंखा फिरताना दिसला, माणूस नव्हता. मारिवेला काळीच राहिली. आम्ही तीन दिवस ज्यांना जगाची सहमती म्हणत होतो त्यांतली कित्येक माणसं जागेवर नव्हती, आणि हे आता सगळं जग बघत होतं.

सभागृहात गलका झाला. "लाइनीचा बिघाड आहे," टेंभेकर साहेब अध्यक्षांच्या कानाशी सांगत होते, ते त्यांच्या माईकवरून आम्हाला ऐकू आलं. "मौन पूर्ण होऊ द्या."

शिष्टाचार अधिकाऱ्यासाठी सभागृहात आणि नियंत्रण कक्षात एकेक माईक असतो. तो कधी वापरायचा नसतो. आसनांबद्दल अध्यक्षांना काही सांगायचं असेल तरच, आणि तशी वेळ येऊ न देणं हीच आमची नोकरी. मी तो सुरू केला.

"अध्यक्ष महोदय," मी म्हणालो, "मारिवेलाची खुर्ची सकाळपासून रिकामी आहे."

०

सत्र तहकूब झालं. इलारी ताउने त्याच दुपारी वारल्याचं संध्याकाळी कळलं. पडद्यावर मात्र चौकट काळी होईपर्यंत त्या ठणठणीत होत्या.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. चैतालीचा करार रद्द झाला, कंपनी बंद पडली, चौकशी बसली. अर्ध्या वर्तमानपत्रांनी तिला जगाचा विश्वासघात करणारी म्हटलं आणि उरलेल्यांनी परिषद उधळणारी. सहा देशांपैकी दोघांनी खरोखरच दारं लावून घेतली. टेंभेकर साहेब म्हणाले होते ते अगदीच खोटं नव्हतं, आणि त्या विचाराने मला आजही नीट झोप लागत नाही.

मंदा वाचली. पंधरा दिवसांनी तिला बोलता यायला लागलं. काचेच्या अलीकडून चैतालीने तिला सगळं सांगितलं. मंदाने एवढंच विचारलं, "तेवढ्या दिवसांत माझ्यासंगं तू किती वेळ होती, बेटा?"

चैतालीने काचेवर कपाळ टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. आतून मंदा हाताने खुणावत होती की जाऊ दे, जेवून घे.

चौकशीसाठी परिषदेची सगळी साठवण तपासावी लागली. पडद्यावर दिसलेलं चित्र वेगळं आणि मुळात आलेले बिंदू वेगळे, असं दोन्ही जपलेलं होतं. मारिवेलाचं चित्र नेमकं कुठे तुटलं, हे शोधायला आम्ही दोघं बसलो. शेवटचा खरा क्षण कोणता होता हे त्यांच्या घरच्यांना तरी कळावं, असं चैतालीला वाटत होतं.

आधी पडद्यावरचं लावलं. सकाळचं सत्र. अध्यक्ष विचारतात, "कलम नऊवर आणखी कोणाला बोलायचं आहे?" ताउनेबाईंचा खांदा किंचित हलतो, जणू गळ्यातली माळ सावरतायत. मग त्या हात मांडीवर ठेवतात आणि ऐकू लागतात.

मग चैतालीने नुसते बिंदू लावले. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. अध्यक्षांचा तोच प्रश्न. ठिपके खोकल्याने हादरले, सावरले. मग उजव्या हाताचे ठिपके वर निघाले. कोपर सुटला, मनगट खांद्याच्या वर गेलं, बोटं उघडली. हात पुरता वर गेला. आणि तिथे सगळे ठिपके थांबले. त्यानंतर मारिवेलाहून काही आलं नव्हतं.

चैतालीने ते पुन्हा लावलं. मग दोन्ही शेजारी शेजारी लावली.

"हे बिंदू अडखळत, उशिरा पोहोचले. तोवर हात त्याने खाली आणला होता, बाबा," ती म्हणाली. "ऐकणाऱ्या माणसाचे हात खाली असतात, हे त्याला मीच शिकवलं."

मी उठलो. नोकरीतून मला अजून मुक्त केलं नव्हतं, आणि आमच्या नियमांत एक ओळ आहे, जी सहसा कोणी वाचत नाही. बोलण्यासाठी वर केलेला हात ज्याचा त्यानेच खाली घ्यायचा असतो. तोवर त्या देशाची पाळी कायम राहते, आणि तिला डावलून मसुदा पुढे नेता येत नाही. मी तसा लेखी अभिप्राय दिला आणि सोबत ते ठिपके जोडले. वरून बरेच फोन आले. मी अभिप्राय मागे घेतला नाही.

दोन महिन्यांनी परिषद पुन्हा भरली, या वेळी सांध्याशिवाय. चित्रं अडखळत होती, चौकटी काळ्या होत होत्या, कोणी गेलं की सगळे थांबत होते. मारिवेलाच्या चौकटीत त्यांचे नवे मंत्री बसले होते, एक तरुण गृहस्थ, समोर काही न लिहिलेला कागद. मसुद्यात कलम नऊ होतंच. मंदा, चैताली आणि मी तांडापेठेतल्या घरात टीव्हीसमोर बसलो होतो.

अध्यक्षांनी कामकाजाला सुरुवात केली. त्यांना ती तिथूनच करावी लागली.

"मारिवेला," ते म्हणाले, "आपला हात वर आहे. बोला."